दिवसाला पंचाहत्तर रुपये

माझा थोरला भाऊ सुतार आहे. मी नाही. मी शिकलो, पुण्याला नोकरीला लागलो, आणि घरातला हिशेब मला जास्त कळतो असा घरातल्या सगळ्यांचा समज झाला. माझाही झाला. त्या समजापायी आम्ही किती बुडलो ते इथं मांडतो. आमच्यासारखी घरं वेल्ह्यात, भोरात अजून आहेत, आणि तीही अशीच बुडताहेत.

आमचं गाव नसरापूर-वेल्हे रस्त्यावरून थोडं आत. घराला लागून कामाची पडवी. पावसाळ्यात तोरणा आठ-आठ दिवस ढगात असतो आणि पडवीतलं लाकूड हाताला गार लागतं. पूर्वी या पडवीत नांगर, जू, कुळव व्हायचे. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, तसं ते काम संपलं. मग दारं-खिडक्या आल्या, मग प्लायवूड. आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं मोबाइलवर टेबलाचा फोटो टाकला.

टेबल म्हणजे बैठं मेज. जुन्या सागवानाचं. पुण्यात एखादा वाडा पाडला की त्याच्या तुळया, खांब, कड्या लाकूडवाल्यांकडं येतात, तिथून दादा निवडून आणतो. हे लाकूड मुरलेलं असतं, वाकत नाही. पण आत कुठं मोडका खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. सांधे सगळे खाच आणि कुसवाचे, खिळा एकही नाही. एका मेजाला दादाचे चार दिवस जातात.

पुतण्यानं विचारलं, "काका, किती लावू?" मी काय केलं? त्याच पडद्यावर दुसऱ्यांची टेबलं बघितली. कुणाचं ७,९९९, कुणाचं ८,९९९. म्हटलं, साडेआठ हजार लाव. आतून दादा म्हणाला, "लाव की. लाकडाचं तर निघतंय."

"लाकडाचं निघतंय" या दोन शब्दांनी आमच्या धंद्याचं वाटोळं केलं.

त्या दिवाळीत सहा मेजं गेली. पेढे वाटले. होळीच्या सुमाराला दादा म्हणाला, "आरं, माल जातोय, पण पैकं दिसंनात." तेव्हा मी वही घेऊन बसलो. एका मेजाचा हिशेब असा निघाला. लाकूड सव्वा घनफुटाच्या आत, ३,६०० रुपये. सरस, पॉलिश पेपर, पॉलिश ७००. वीज, पात्यांची झीज ४००. पुठ्ठा, फोम, बांधणी ५००. गाडीभाडं १,३००. खिशातून गेले ६,५००. विकलं ८,५०० ला. ऑनलाइन दुकानाचं कमिशन २० टक्के, म्हणजे १,७००. हातात आले ६,८००. उरले ३००.

चार दिवसांचे तीनशे. दिवसाला पंचाहत्तर रुपये. रोजंदारीवर भातलावणीला गेला असता तरी दादाला याच्या कितीतरी पट मिळाले असते, वर दुपारची भाकरी.

आता माझी अक्कल बघा. मी लगेच म्हणालो, सोपं आहे, दादाचे दिवसाला हजार धरू. चार हजार आणि साडेसहा मिळून साडेदहा हजार. त्यावर २० टक्के चढवू, १२,६०० लावू. चूक! कमिशन खर्चावर नसतं, विक्रीच्या किमतीवर असतं. १२,६०० चे २० टक्के २,५२०, उरतात १०,०८०. पुन्हा ४२० ची खोट. साडेदहा हजार हातात यायचे तर साडेदहाला ०.८ नं भागावं लागतं, तेव्हा १३,१२५ येतात. यात नफा अजून एक रुपया नाही, मोडतोड नाही, परत आलेला माल नाही. शिकलेल्या माणसाला हे कळायला सहा मेजं जावी लागली.

लोक म्हणतात, ऑनलाइन विका, सगळं जग गिऱ्हाईक आहे. शिबिरात सांगतात, फोटो चांगला काढा, पॅकिंग चांगलं करा. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन दुकानावर विकता येतं, पण ती सवलत राज्यातल्या राज्यात विक्रीपुरतीच आहे, हेही एका शिबिरात सांगितलं. चांगली माहिती. पण स्वतःचा दिवस किमतीत धरा, असं सांगणारा माणूस मला एकाही शिबिरात भेटला नाही. सगळे वाट दाखवतात विक्रीची. तोट्यात विकायचं असेल तर जास्त विकून जास्त तोटा, एवढंच ना?

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा धंद्यांत सुतारकी आहे. अवजारांसाठी १५,०००, पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज, आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये. म्हणजे बघा, सुतारानं नुसतं शिकायला बसायचं तर सरकार त्याच्या दिवसाचे पाचशे धरतं. आणि तीस वर्षं रंधा ओढलेल्या माझ्या भावाच्या दिवसाचे मी पंचाहत्तर धरले. दोष सरकारला द्यायचा का गिऱ्हाइकाला?

ही सवय आमच्यात आली कुठून, त्याचा मी विचार करतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. त्यात ही बलुत्याची सगळी व्यवस्था आहे. त्यात सुतार वरच्या ओळीतला बलुतेदार. आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात नांगराची किंमत कुणाला सांगितली नाही. वर्षभर नांगर भरायचे, जू तासायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन भात आणायचं. त्याचे मी गोडवे गाणार नाही. खळ्यावर ताटकळत उभं राहणं काय असतं ते आजी सांगायची. कुणी पायली भरून द्यायचं, कुणी निम्मं पळंजच घालायचं. तोंड उघडायची सोय नव्हती. तिथंच आम्हाला लागलं की सुतारानं भाव सांगायचा नसतो, पदरात पडेल ते घ्यायचं असतं.

पण एक गोष्ट होती. नांगर मोडला तर आजोबा बांधलेले, आणि आजोबांच्या चुलीला शेतकरी बांधलेला. दोन्हीकडून दोरी होती. आज बलुतं गेलं, पण आमच्याकडची दोरी तशीच राहिली. बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकानं मेज परत पाठवलं. कारण काय, तर फोटोतला रंग वेगळा. अहो, सागाच्या दोन फळ्या एका रंगाच्या निघत नाहीत! येण्या-जाण्याचं भाडं आमच्या माथी, आणि आलं तेव्हा एक पाय पिचलेला. दुरुस्ती आमची, भाडं आमचं, बोलणी आमची. खळं मात्र दुसऱ्याचं.

गिऱ्हाइकांशी माझं भांडण थोडंच आहे. राजगड-तोरण्याला येणारी मंडळी, फार्महाउसवाले, मोबाइलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मिस्त्री, हे कंपनीचं पाच हजारात मिळतंय." तर घ्या की ते! भुसा दाबून केलेली पाटी असते ती. पाणी लागलं की फुगते, एकदा स्क्रू सैल झाला की पुन्हा धरत नाही. पण पाच हजारात ती खोटी नाही. ज्याला तेवढंच परवडतं त्यानं ते घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त त्या भावात माझ्या भावाचे चार दिवस मागू नयेत.

शहरातल्या एका दुकानवाल्यानं आमचं मेज सात हजाराला नेलं आणि चोवीस हजारांची चिठ्ठी लावली. पुतण्या चिडला. मी म्हटलं, त्यानं दुकानाचं भाडं धरलं, पोराचा पगार धरला, स्वतःचा दिवस धरला. आपण धरला नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे.

आणि आपलेही दोष आहेतच. देतो म्हणालेल्या तारखेला आम्ही कधी देत नाही. दिवाळीचा माल तुळशीच्या लग्नाला. घाईत ओलं लाकूड वापरतो. आषाढात केलेला दरवाजा उन्हाळ्यात चिरतो, मग हवेला शिव्या घालतो. पूर्ण भाव मागायचा तर पूर्ण काम दिलं पाहिजे. पंचाहत्तर रुपयांत काम करणारा माणूस हळूहळू पंचाहत्तर रुपयांचंच काम करायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. त्या होळीनंतर तो शिरवळला कंपनीत लागला. हात चांगला होता पोराचा. गुण्या न लावता काटकोन ओळखायचा. जाताना म्हणाला, "काका, तिथं निदान महिन्याच्या शेवटी कळतं आपण किती कमावलं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता रविवारी येतो, पडवीत हात लावतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो. पडवी दादानंतर चालेल का बंद होईल, हे लाकडाच्या भावावर ठरणार नाही. त्याच्या वहीतल्या दिवसाच्या आकड्यावर ठरणार आहे.

म्हणून सुतारांना, आणि सुतारच कशाला, बुरूड, कुंभार सगळ्यांनाच माझं सांगणं आहे. वहीत पहिली ओळ लाकडाची लिहू नका, स्वतःच्या दिवसाची लिहा. मग माल, मग भाडं, मग मोडतोड. सगळ्याला भागून कमिशन काढा. आलेला आकडा तोंडानं म्हणायची लाज वाटली तर आरशासमोर म्हणा. त्या भावात गेलं नाही तर राहू दे पडवीत. लाकूड सडत नाही. दिवस मात्र गेला की गेला.

दादाच्या मेजाची किंमत आता चौदा हजार आहे. पूर्वी सहा जायची, गेल्या दिवाळीत दोन गेली. त्या दोनांनी त्या सहांपेक्षा जास्त पैसे घरात आणले. परवा एक फार्महाउसवाले आले. मेजावरून हात फिरवला, खालून वाकून सांधे बघितले. म्हणाले, "मिस्त्री, दहाला द्या." दादानं वही त्यांच्यापुढं सरकवली. म्हणाला, "साहेब, यातला कुठला दिवस कमी करू ते तुमीच सांगा."

साहेब हसले आणि गेले. मेज अजून पडवीत आहे. दादानं चिठ्ठी बदललेली नाही.