श्वास मोजणारी माणसे
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये मात्र ते वेगळ्या कारणाने गाजले. मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्रभर वणवण फिरत होते, आणि आपल्याकडे तो पुरत होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे भिल्ल कुटुंबात वाढलेले आणि शिक्षणाने डॉक्टर. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच उभा करून घेतला होता. पुढे आणखी प्रकल्पांची भर पडली. त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली.

पण त्याच दिवसांत इथे आणखी एक गोष्ट झाली, तिचे छायाचित्र निघण्यासारखे नव्हते. ती म्हणजे ‘ऑक्सिजन नर्स’. रुग्ण जेवायला बसतो, मास्क बाजूला ठेवतो, आणि वायू तसाच वाहत राहतो. कुणाला तीन लिटरवर भागते, पण रात्री घाबरून लावलेले आठ लिटर सकाळीही चालूच असतात. खाटेखाटेपाशी जाऊन बोटाला यंत्र लावायचे, आकडा पाहायचा, गरजेप्रमाणे चकती फिरवायची, एवढ्याच कामासाठी परिचारिका नेमल्या गेल्या. राज्य सरकारने इतर जिल्ह्यांनाही हे अनुकरण करायला सांगितले. लाट ओसरली, आणि राज्यभर करारावर घेतलेल्या अनेक आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम थांबले. यंत्रे राहिली, माणसे गेली!

मित्रहो, माझे म्हणणे या माणसांविषयी आहे. श्वासाच्या आजारात औषध असतेच. पण औषधाआधी आणि औषधानंतर कुणीतरी जवळ बसून पाहावे लागते, मोजावे लागते. उशा लावून रुग्णाला टेकवून बसवणे, कूस बदलणे, कोमट पाणी घोटघोट पाजणे, कफ काढायला लावणे, बाळाचे चोंदलेले नाक साफ करणे, यांत चमत्कार काही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या शुश्रूषेवरील पुस्तकाचे पहिलेच प्रकरण खेळत्या हवेविषयी आहे. आमच्या धडगावकडच्या घरांत चुलीचा धूर आणि पावसाळ्यात बंद दारे असतात. ते प्रकरण आम्हाला आजही शिळे वाटणार नाही.

मोजणे किती मोलाचे आहे, याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ मध्ये गावातलेच आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध द्यायला शिकवले. ज्या गावांत हे झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, न झालेल्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी भरले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा त्याहून अधिक झाला की धोका समजायचा. पण जिला पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत, तिने काय करावे? तिच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या हाती विज्ञान देता येते, ते असे.

आता आपल्या विषयाकडे येते. कला शाखेच्या मुलीला या उठाठेवी कशाला, असे काही जण म्हणतील. (मी अकरावीला कला घेतली तेव्हा नातेवाईक उलटे म्हणाले होते: नर्सिंग घे, निदान नोकरी लागेल!) माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा असताना आजारी पडला. झोळीतून आणि मग जीपमधून त्याला एका दवाखान्यात नेले. आईला पावरी येते, मराठी मोडकी. ती म्हणाली, “पोट उडतंय.” केसपेपरावर पोटाची तक्रार लिहिली गेली आणि पोटाचे औषध मिळाले. दारापाशी आमच्याच खोऱ्यातल्या एक सिस्टर भेटल्या. त्यांनी दुपटे वर केले, घड्याळ पाहिले, आणि पूर्ण एक मिनिट त्या काहीच बोलल्या नाहीत. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. त्यांनी भावाला उचलले आणि परत आत नेले. तो आज सातवीत आहे.

त्या सिस्टर डॉक्टरांपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या असे नाही. त्यांना शब्द कळला. ‘धाप’, ‘दम’, ‘छाती भरणे’ हे पुस्तकी मराठीतले शब्द. अहिराणी, पावरी, मावची, देहवाली बोलणारा माणूस ते वापरेलच असे नाही. आणि यंत्राला तरी सगळे कळते का? गडद त्वचेच्या रुग्णांत बोटाचे यंत्र काही वेळा प्रत्यक्षाहून अधिक ऑक्सिजन दाखवते, असे २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आले. म्हणून ओठ, नख, बरगड्या पाहणारी नजर हवी आणि रुग्णाचे बोलणे समजणारा कान हवा. दम्याच्या पंपाचेच पाहा. “एकदा लागला की सुटत नाही,” या भीतीने लोक तो ट्रंकेत ठेवतात. पंपातले औषध थोडेसे असते आणि थेट फुप्फुसांत जाते, हे कुणी त्यांच्या बोलीत सांगितलेलेच नसते.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आनंदाची गोष्ट. पण तेथे शिकायला येणाऱ्या मुलांना आपल्या बोली कोण शिकवणार? हे काम मराठी विभागाचे आहे असे मला वाटते. आपण बोलीभाषांवर निबंध लिहितो, गुण मिळवतो, आणि वर्गात पावरी बोलणाऱ्याला हसतो. रा. से. यो. च्या शिबिरात रस्ते झाडण्याऐवजी एक दिवस आजाराचे शब्द गोळा केले तर? परिचारिकांच्या टेबलावर ठेवता येईल अशी छोटी वही त्यातून होईल.

मी सुरुवात केली आहे. आजीने खोकल्याचेच पाच प्रकार सांगितले. दोहोंना प्रमाण मराठीत शब्द मला सापडला नाही, सरांनाही नाही. सगळे शब्द पावरीतले आहेत. नवापूर, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरचे आणून द्यावेत. वही मधल्या सुट्टीत ग्रंथालयात माझ्याजवळ असते.