आजोबांच्या कर्तबगारीचा हिशेब

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लारस नावाचे एक टुमदार गाव आहे. स्विस धाटणीची घरे, दुभत्या गाईंची कुरणे, चीजचा व्यवसाय आणि 1938 साली सुरू झालेली विल्हेल्म टेलच्या नाट्यप्रयोगांची परंपरा यांमुळे ते प्रवाशांच्या परिचयाचे झाले आहे. या आणि अशा अनेक गावांतून नातवंडांना पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. आजोबा स्वित्झर्लंडहून रिकाम्या हाताने आले. त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. माळरान नांगरले आणि मनगटाच्या जोरावर घर उभे केले. वंशावळीप्रमाणे ते पणजोबा किंवा खापरपणजोबा असतील, परंतु गोष्टीत ते नेहमी आजोबाच असतात.

गोष्ट येथेच थांबती तर तिच्याविषयी तक्रारीचे कारण नव्हते. पूर्वजांविषयी आदर बाळगणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु या गोष्टीला एक शेपूट जोडलेले असते : ‘आजोबांना जमले, मग यांना का जमू नये?’ हे ‘यांना’ म्हणजे संघटना करणारा कामगार, सरकारी औषधोपचार मागणारा गरीब आणि सीमेवर ताटकळत उभा असलेला नवा स्थलांतरित. कौटुंबिक आठवणीचे असे राजकीय सिद्धान्तात रूपांतर झाले की तिचा जमाखर्च तपासणे भागच पडते.

आजोबा मुळात निघाले का? ग्लारस हा आल्प्सच्या कुशीतला चिंचोळ्या दऱ्यांचा कँटन. शेतजमीन अपुरी, म्हणून घरोघरी चरखा आणि माग चाले. इंग्लंडमधील यंत्राच्या सुताने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तेथील हातसूत बुडवले आणि पुढे यंत्रमागाने हातमागावर घाला घातला. बंगालच्या विणकराला ज्या यंत्राने देशोधडीस लावले, त्याच यंत्राने ग्लारसच्या विणकरालाही बेकार केले. बंगालवर परक्यांचे राज्य होते, ग्लारस स्वतंत्र होता. पण भुकेच्या दृष्टीने या भेदाला फारसा अर्थ उरला नाही.

आणि आजोबा निघाले की त्यांना काढून देण्यात आले? स्वित्झर्लंडमध्ये गरिबाच्या पोषणाचा भार त्याच्या मूळ गावावर असे. गावच्या कारभाऱ्यांनी साधे गणित मांडले : गरिबाला जन्मभर पोसण्यापेक्षा एकदाच जहाजाचे भाडे भरणे स्वस्त. आज रोथ्रिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरगाउ कँटनमधील गावाने 1855 साली आपल्या 305 रहिवाशांची गावच्या खर्चाने अमेरिकेस रवानगी केली. जे मागे राहिले त्यांच्यापैकी कित्येकांची मुले कमीत कमी पैसे मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हवाली केली जात आणि तेथे ती गड्यासारखी राबत. ही प्रथा विसाव्या शतकातही चालू राहिली. स्विस सरकारने 2013 साली तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि 2016 साली हयात पीडितांना प्रत्येकी 25,000 फ्रँकपर्यंत भरपाई देणारा कायदा झाला. आजोबांचे ‘साहस’ या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. गरिबाला हाकलण्याचे काम जेथे गावच करते, तेथे ‘स्वखुशी’ या शब्दाला कितीसे वजन उरते?

याच सुमारास स्विस भांडवलही परदेशी निघाले होते. 1851 साली फोल्कार्ट बंधूंची पेढी विंटरथुर आणि मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झाली आणि हिंदी कापूस युरोपात पोहोचवून तिने मोठी भरभराट केली. भांडवल संधीच्या शोधात गेले, श्रमिक पोटाच्या मागे लागून गेले. नातवंडांच्या गोष्टीत मात्र दोहोंनाही ‘उद्यमशीलता’ हे एकच नाव मिळते.

आता ‘रिकाम्या हाताने’ या शब्दांचा विचार करू. ग्लारसच्या स्थलांतर मंडळाने 1845 साली आधी दोन माणसे पुढे पाठवून सुमारे 1,200 एकर जमीन विकत घेतली. त्या वर्षी 16 एप्रिलला 193 माणसे निघाली. नदी, समुद्र आणि पुन्हा नदी असा प्रवास करीत ऑगस्टमध्ये 108 जण मुक्कामी पोहोचली. बाकीची काही वाटेत मेली, काही पांगली. जे पोहोचले त्यांच्या प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला मंडळाने घेतलेल्या जमिनीतून 20 एकर आले. म्हणजे आजोबांच्या हाती पहिला नांगर आला तो सामुदायिक खरेदीतून आणि सामुदायिक वाटपातून. त्यांचे श्रम अफाट होते, याविषयी शंका नाही. पण ज्या संस्थात्मक आधारावर ते श्रम फळाला आले, त्या आधाराचे नाव घेतले की नातवाला आज ‘समाजवादा’चा वास येतो!

आणि ती जमीन ‘मोकळी’ होती काय? दक्षिण विस्कॉन्सिन ही हो-चंक लोकांची भूमी. 1829, 1832 आणि 1837 च्या करारांनी ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. यांतील शेवटच्या करारावर सह्या करणाऱ्यांना जमीन विकण्याचा अधिकारच नव्हता. स्थलांतरासाठी आठ वर्षांची मुदत आहे असे त्यांना सांगण्यात आले. कागदावर आठ महिने लिहिलेले होते. त्यानंतर लष्कराच्या बळावर त्यांना वारंवार पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि त्यांतले कित्येक पुन्हापुन्हा पायी चालत आपल्या भूमीत परतले. न्यू ग्लारसचा पहिला नांगर पडला तो या कराराला जेमतेम आठ वर्षे होत असताना. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर होता. एवढ्या स्वस्ताईची खरी किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या आजोबांची गोष्ट उत्सवात सांगितली जात नाही.

याहून मोठा आधार कायद्याचा होता. 1790 च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व परदेशातून आलेल्या ‘मुक्त गोऱ्या’ माणसापुरते राखून ठेवले. 1862 च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येकी 160 एकर सरकारी जमीन देऊ केली, ती नागरिकाला अथवा नागरिक होऊ शकणाऱ्याला. स्विस आजोबा या चाळणीतून सहज पार झाले. भगतसिंग थिंद मात्र पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल होऊनही 1923 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात ‘गोरे’ ठरले नाहीत. कॅलिफोर्नियात राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याचे मनगट स्विस शेतकऱ्याहून दुबळे नव्हते. पण 1913 च्या तेथील कायद्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर शेत घेणेही अशक्य झाले. मनगटाच्या सिद्धान्ताने या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

या गोष्टीतून सर्वांत अन्यायाने वगळला जातो तो मागे राहिलेला भाऊ. ग्लारसमधून सर्वांनाच जाता येणे शक्य नव्हते. जे राहिले ते कापडाच्या गिरण्यांत गेले. त्यांनी 1864 साली कँटनच्या खुल्या सभेत, हात वर करून, कारखान्यातील कामाचा दिवस बारा तासांवर आणणारा, रात्रपाळीला आणि शाळकरी मुलांच्या मजुरीला बंदी घालणारा कायदा संमत करून घेतला. प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना मर्यादा घालणाऱ्या युरोपातील अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक. 1877 मध्ये निसटत्या बहुमताने साऱ्या देशाने अकरा तासांचा कायदा स्वीकारला. मुंबईच्या गिरणीतील पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा मिळायला 1911 साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते. स्वित्झर्लंड पुढे संपन्न झाला, त्यात या भावाचा वाटा मोठा आहे. पण निघून गेलेल्याचे गुणगान होते, लढलेला विस्मृतीत जातो. कारण उघड आहे. पहिल्याच्या गोष्टीतून व्यवस्थेला धक्का लागत नाही; दुसऱ्याच्या गोष्टीतून ती बदलता येते हे कळते.

गरिबांना बाहेर धाडणाऱ्या याच देशाने पुढे परक्या गरिबांना कसे वागवले? हंगामी परवान्यावर आलेल्या इटालियन मजुराला नऊ महिने राबण्याची मुभा होती, बायकामुले आणण्याची नव्हती. कित्येकांनी आपली मुले खोलीत दडवून वाढवली. ही पद्धत 2002 साली संपली. 1970 मध्ये परकीयांची संख्या छाटण्याचा प्रस्ताव सार्वमतात पडला खरा, पण 46 टक्के मतदारांनी त्याला कौल दिला होता. तिकडे अमेरिकेतही 1924 च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातील गरिबांना कोटा लावला आणि आशियाईंना दार बंद केले. ज्या शिडीने आजोबा चढले ती वर ओढून घ्यायची आणि खाली उभ्या असलेल्यांना आळशी म्हणायचे, हे त्या गोष्टीचे आजचे राजकारण होय.

आपल्याकडील मध्यमवर्गातही आता या गोष्टीची मराठी आवृत्ती ऐकू येते. अमेरिकेत गेलेला मुलगा ‘केवळ गुणवत्तेवर’ गेला, असे अभिमानाने सांगितले जाते. पण 1965 च्या अमेरिकन कायद्याने ते दार उघडले आणि त्यामागे तेथील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे बळ होते. ज्या महाविद्यालयांत तो शिकला, त्यांपैकी कित्येक करदात्यांच्या पैशावर चालत होती. या दोन्ही ऋणांचा उच्चार त्या गोष्टीत क्वचितच होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशी गोष्ट ऐकताना आजोबांचा उपहास करू नये. त्यांनी दारिद्र्य सोसले, श्रम केले, ते आपल्याच वर्गाचे होते. फक्त चार प्रश्न विचारावेत : त्यांना घराबाहेर कोणी काढले? त्यांच्या पायाखालची जमीन कोणाची होती? कायद्याने दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद केले? आणि जो भाऊ मागे राहिला, त्याने काय केले? पहिल्या तीन प्रश्नांनी गर्व उतरेल. चौथ्या प्रश्नाने कामाला लागण्याची दिशा मिळेल.