सभा शहरात, गाडी रद्द गावात

29 ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत सीएसएमटीला उतरून ऑफिस गाठणाऱ्यांचे काय हाल झाले ते तुम्ही रील्सवर बघितलंच असेल. मनोज जरांगे पाटील आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. परवानगी होती 5 हजार लोकांची, एका दिवसाची, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. आले त्याच्या कितीतरी पट. महापालिकेसमोरचा चौक, स्टेशनचं आवार, आजूबाजूचे रस्ते, सगळं भरलं. बेस्टच्या बस वळवल्या गेल्या. मधे शनिवार-रविवार आला म्हणून नोकरदारांनी जरा दम खाल्ला, सोमवारी पुन्हा तेच. त्या दिवशी हायकोर्टात खास सुनावणी झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्ते मोकळे करा असं कोर्टानं बजावलं. 2 सप्टेंबरला सरकारनं हैदराबाद गॅझेटचा जीआर काढला आणि उपोषण सुटलं.

आंदोलन बरोबर की चूक, आरक्षण कुणाला किती, हा आजचा विषय नाही. त्यावर तुमच्या कट्ट्यावर रोज खडाजंगी होतेच. मला त्या पाच दिवसांतली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. ज्याला फोर्टात कामाला जायचं होतं त्याला, उशिरा का होईना, कळत होतं की कुठला रस्ता बंद आहे. ट्रॅफिक पोलीस सोशल मीडियावर सांगत होते, टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, ज्यांना जमलं त्यांनी वर्क फ्रॉम होम घेतलं. मोठ्या शहरांचं जगभर असंच असतं. न्यूयॉर्कमध्ये दर सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरते, नेत्यांच्या ताफ्यांमुळे मॅनहॅटन ठप्प होतं. त्या दिवसांना तिथं आधीच 'ग्रिडलॉक अलर्ट डे' म्हणून जाहीर करतात: गाडी काढू नका, सबवेनं जा. दिल्लीत 2023 मध्ये जी-20 परिषद झाली तेव्हा 8 ते 10 सप्टेंबर शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांना चक्क सुट्टी दिली होती. त्रास होतोच, पण तो सांगून होतो.

आता बारामती-इंदापूर रस्त्यावर या. सुमारे 50 किलोमीटरचा टप्पा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. यातल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी सव्वासहाला उभं राहा. कॉलेजची पोरं, नर्सिंगच्या मुली, एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जाणारे कंत्राटी कामगार, एखादी आजी दवाखान्याला निघालेली. सगळे एकाच गाडीची वाट बघतायत. साडेसहा होतात, पावणेसात होतात. मग कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज येतो, 'आज गाडी नाही, सभेला गेल्यात.' सभा कुठं? पुण्यात. नाहीतर मुंबईत. आपल्या फाट्यावर ना झेंडा, ना घोषणा, ना बंदोबस्त. फक्त गाडी नाही.

आझाद मैदानाच्या आंदोलनाला लोक आपापले टेम्पो, पिकअप, जीप घेऊन गेले, त्यासाठी एसटी लागली नाही. पण पक्षांच्या सभा, मेळावे आणि सरकारी सोहळे यांचं गणित वेगळं. तिथं गर्दी आणावी लागते आणि गर्दी आणायला लाल परीइतकं सोयीचं काही नाही. एसटीच्या भाषेत याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाच्या वऱ्हाडाला, शाळेच्या सहलीला गाडी मिळते तोच प्रकार. किलोमीटरवर भाडं ठरतं, पैसे आधी भरायचे, गाडी तुमची. 2022 च्या दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, शिंदे गटाच्या बीकेसीतल्या मेळाव्यासाठी राज्यभरातून दीड हजारांहून जास्त एसटी गाड्या मुंबईला गेल्या होत्या. त्यावर वाद झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. पण चर्चा कशाची? एवढे पैसे कुणी भरले याची. त्या गाड्या एरवी ज्या रस्त्यांवर धावतात तिथं त्या दिवशी काय झालं, हा प्रश्न मागे पडला.

दसऱ्याला सुट्टी असते, मग बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते मुक्कामी गाडीमुळे. हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. खेड्यातली सकाळची पहिली गाडी सकाळी डेपोतून येत नाही. ती आदल्या रात्रीच गावात येऊन थांबलेली असते. चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तुम्हाला घेऊन तालुक्याला निघते. म्हणजे बुधवारी संध्याकाळी मुंबईत सभा असेल तर ती गाडी बुधवारी रात्री तुमच्या गावात येणार कुठून? सभा संपते रात्री, मुंबई इथून अडीचशे किलोमीटर, परत यायला पहाट होते. चालकालाही झोप पाहिजेच, ती नाही दिली तर त्याच्यावर आणि पन्नास जणांवर अन्याय. म्हणून गुरुवारी सकाळची फेरीही गेली. आणि एक गाडी दिवसभरात एकच फेरी मारत नाही. सकाळी कॉलेजची, मग बाजाराची, दुपारी सुटणाऱ्या शाळेची, रात्री पुन्हा मुक्कामी, अशी साखळी असते. साखळीतली पहिली कडी निघाली की मागची सगळी गळतात. सभा तीन तासांची, पण फाट्यावरचा दीड दिवस गेला.

डेपोच्या बाजूनंही बघा. महामंडळाकडे आख्ख्या राज्यात 15 हजारांच्या आसपास गाड्या आणि अडीचशे आगारं. सरासरी काढली तर एका आगाराला साठेक गाड्या, त्यातही रोज काही वर्कशॉपला. संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर गेल्याचं जून 2025 मध्ये आलेल्या श्वेतपत्रिकेतच लिहिलंय. अशा आगाराला कुणी रोख पैसे भरून वीस गाड्या मागितल्या तर ते नाही म्हणतील का? मी त्यांच्या जागी असते तर मीही नसते म्हणाले. मग फेऱ्या कापायच्या कुठल्या? पुणे-मुंबई गाडीला रिझर्व्हेशन असतं, रोख तिकीट असतं, ती रद्द केली तर बोंब होते. फाट्यावरच्या गाडीत निम्मे पासवाले. विद्यार्थ्यांच्या पासवर आपण तिकिटाचे साधारण एक तृतीयांश पैसे भरतो, उरलेले दोन तृतीयांश सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास तर पूर्ण मोफत. सवलत चांगलीच आहे, माझी शाळा त्याच पासवर झाली. पण त्याचा एक उलटा परिणाम होतो. आपली फेरी गेल्यानं त्या दिवशीच्या गल्ल्यात फार फरक पडत नाही, म्हणून कात्री लागते ती आधी आपल्याला. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही, साधा हिशोब आहे.

आणि आपणही महिनाभराचे पैसे आधीच भरलेत की. प्रासंगिक करारवाल्यानंही आधी भरलेत. त्याला गाडी मिळते, आपल्याला मेसेज.

गाडी चुकली तर काय जातं? बाइक असेल तर पेट्रोल जातं. वडापला उभं राहिलात तर तिथं पास चालत नाही, रोख मोजायची, आणि त्या दिवशी वडापवालाही भाव खातो. पण खरं मोजमाप त्यापुढं सुरू होतं. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे सरळ एका दिवसाची मजुरी. आपल्याकडे 75 टक्के हजेरीचा नियम. प्रॅक्टिकल बुडलं तर ते पुन्हा होत नाही, आणि 'सर, गाडीच आली नाही' हे कारण इतक्या वेळा खोटं सांगितलं गेलंय की खरं असतानाही कुणाला पटत नाही. त्यात मुलींचं वेगळंच. सकाळची गाडी नाही म्हटल्यावर भाऊ वडापला लटकून जातो, बहिणीला घरात सांगतात, 'आजच्या दिवस राहू दे.' असे आजचे दिवस सेमिस्टरमध्ये चार-पाच झाले की मग 'रोजचं एवढं लांब कशाला, गावाजवळच बघू' हे सुरू होतं. तुमच्या वर्गातून दुसऱ्या वर्षाला न दिसलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारून बघा.

गंमत म्हणजे सभेला जाणाऱ्या गाडीत परकी माणसं नसतात. आपलीच मावशी, शेजारची काकू. 17 ऑगस्ट 2024 ला पुण्यात बालेवाडीत लाडकी बहीण योजनेचा राज्यस्तरीय सोहळा झाला, त्याला गेलेल्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. घराबाहेर पडायला मिळतं, पुणे बघायला मिळतं, स्टेजवरून आपल्याबद्दल कुणीतरी बोलतं. पण आईला सभेला नेणारी गाडी लेकीच्या कॉलेजची होती, हे दोघींनाही कुणी सांगितलेलं नसतं.

बंदच्या दिवसांचं निराळं. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी बीडमध्ये जाळपोळ झाली, तेव्हा मराठवाड्यात ठिकठिकाणी एसटी बंद ठेवावी लागली. पहिला दगड एसटीच्याच काचेवर पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी आणि माणसं वाचवायला फेऱ्या थांबवल्या तर त्यात तक्रारीला जागा नाही. मतदानाचंही तसंच. 7 मे 2024 ला लोकसभेला आणि 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेला आपल्या दोन्ही तालुक्यांत मतदान झालं. आदल्या दिवशी मतदान पथकं केंद्रावर पोचवायला गाड्या लागणारच. ती तारीख महिनाभर आधी माहीत असते, आपण सोय करतो.

आधी कळलं तर आपण निभावतो, याचा पुरावा दरवर्षी याच रस्त्यावर मिळतो. जूनच्या सुमारास तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. लाखो माणसं, आख्खा रस्ता वारीचा. पण कुठल्या दिवशी कुठला रस्ता बंद, पर्यायी मार्ग कुठला, हे प्रशासन आधी जाहीर करतं, पेपरात छापून येतं, पोरंपोरी त्यानुसार बारामतीत मैत्रिणीकडे मुक्काम टाकतात. वारीमुळे प्रॅक्टिकल बुडालं अशी तक्रार मी तरी ऐकली नाही. पालखीपेक्षा मोठी सभा आजवर कुणाची झाली नाही. मग सभेला गाड्या दिल्यात हे आदल्या दिवशी सांगायला जड का जातं? मला वाटतं, कारण रद्द फेऱ्यांची यादी लावली की ती कुणामुळे रद्द झाली हेही लावावं लागेल.

2 मार्च 2024 ची बारामती आठवते? विद्या प्रतिष्ठानच्या मैदानावर नमो महारोजगार मेळावा, मुख्यमंत्री आणि दोन्ही उपमुख्यमंत्री हजर. बातम्या मात्र शरद पवारांनी दिलेल्या जेवणाच्या निमंत्रणाच्याच झाल्या. त्याच दिवशी बारामतीच्या नव्या बसस्थानकाचं उद्घाटन झालं. स्थानक देखणं आहे, सेल्फी तुम्ही काढलाच असेल. पण उद्याची सकाळची गाडी आहे की नाही हे आज संध्याकाळी कळणार नसेल, तर फलाट किती चकाचक आहे याला फाट्यावरच्या पोरीनं काय करायचं? सप्टेंबर 2025 मध्ये याच दोन तालुक्यांकडे एक उपमुख्यमंत्री होता, एक कृषिमंत्री होता. सांगायचं कुणाला, हा प्रश्न आपल्याला तरी पडायला नको.

माझं म्हणणं एवढंच: प्रासंगिक करार बंद करू नका, महामंडळाला पैसा लागतो. पण कॉलेजच्या आणि शिफ्टच्या वेळेच्या फेऱ्या, आणि मुक्कामी गाड्या, यांना हात लावू नका. तरीही लावावा लागला तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत यादी स्थानकावर आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा. यात खर्च एका कागदाचा.

हे घाईनं बोलायला कारण होतं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरका, असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतरचे चार महिने नगरपालिका, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिका. सभांना तोटा नव्हता. आणि त्याच चार महिन्यांत आपली सेमिस्टरची परीक्षा.

तोवर एक काम तुम्हाला करता येईल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बारामती, बारामती एमआयडीसी आणि इंदापूर ही तिन्ही आगारं एसटीच्या पुणे विभागात येतात, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. तीनच गोष्टी विचारा: अमुक तारखेला प्रासंगिक करारावर किती गाड्या दिल्या, त्यामुळे कुठल्या फेऱ्या रद्द झाल्या, आणि प्रवाशांना ते कसं कळवलं. मोघम विचारू नका, तारखा घाला. तुमच्या गाडीनं दांडी मारली ते दिवस ग्रुपवर स्क्रोल करून सापडतील. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर 30 दिवसांत. पाचसहा जणांनी मिळून वेगवेगळ्या तारखांचे अर्ज टाकले तर आणखी बरं. 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला दसरा होता, मुंबईत दोन्ही शिवसेनांचे मेळावे होते. 1, 2 आणि 3 ऑक्टोबर 2025 या तारखाही अर्जात घालता येतील.