कच्चा सबक आणि माझा डावा गुडघा

गेल्या वर्षी सलग चार महिने मी मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढली. वय पंचेचाळीस. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर सत्तरी ओलांडलेले बुजुर्ग. त्यातल्या एका चाचांनी सलाम फेरल्यावर हळूच विचारलं, "क्या हुआ सर, गिरे क्या?" मी पडलो नव्हतो. योगाच्या वर्गात गुडघा दुखावला होता. पण ते सांगायची लाज वाटली, म्हणून "हां, सीढी पर से" असं म्हणून मोकळा झालो. मशिदीत बसून खोटं बोललो, ते आणखी वेगळंच.

लाज योगाची नव्हती. मुसलमानाने योग करावा की नाही, यावर दर जूनमध्ये भांडायला पुष्कळ लोक तयार असतात. त्यांच्यात मी भर घालत नाही. लाज याची होती की वीस वर्षं मुलांना शिकवणारा माणूस शिकताना अगदी कच्च्या विद्यार्थ्यासारखा वागला होता.

अष्टांग म्हटलं की आपल्याला पतंजलींची यम-नियमापासून समाधीपर्यंतची आठ अंगं आठवतात. पण आज देशोदेशी या नावाने जे शिकवलं जातं ती म्हैसूरची पद्धत. १९३० च्या दशकात कृष्णम्माचार्य म्हैसूरच्या राजांच्या आश्रयाने योगशाळा चालवत. त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोईस (१९१५–२००९) यांनी ही पद्धत पुढे नेली. आसनांचा क्रम ठरलेला, श्वास मोजलेले. पहिल्या मालिकेचं नाव 'योगचिकित्सा'. चिकित्सा! माझा गुडघा याच मालिकेत गेला. आठवड्यातून सहा दिवस सराव, शनिवारी सुट्टी, अमावास्या-पौर्णिमेलाही सुट्टी. (चंद्राकडे बघून दिवस ठरवणं मला काही नवीन नव्हतं.)

या पद्धतीत मला सगळ्यात आधी आवडला तो एक नियम. गुरुजी एका वेळी एकच आसन देतात. ते बसल्याशिवाय पुढचं नाही. रोज पहिल्यापासून सुरुवात करायची, आपल्या आसनापर्यंत यायचं, शेवटची ठरलेली आसनं करायची आणि घरी जायचं. हे ऐकल्याबरोबर मला लहानपणचा मदरसा आठवला. माझे भाईजान हाफिज झाले, मी तिसाव्या पाऱ्यातच अडकलो, पण पद्धत दोघांना एकच होती. उस्ताद नवा सबक देणार चार-सहा ओळींचा. दुसऱ्या दिवशी तो ऐकवायचा, त्याआधीच्या दिवसांचे सबक ऐकवायचे, शिवाय आमोख्ता, म्हणजे जुनं सगळं पाळीपाळीने. कुठे अडखळलात की उस्ताद एवढंच म्हणायचे, "कच्चा है, कल फिर." त्या दिवशी नवीन काही मिळायचं नाही.

नीट पाहिलं तर दोन्हीकडे नवा भाग अगदी थोडा असतो. भाईजानांची सकाळ जुनं ऐकवण्यातच जायची. अष्टांगातही दीड तासातलं नवं आसन फार तर दोन मिनिटांचं. खरी मेहनत, आणि माझ्या मते खरा फायदाही, त्या रोजच्या जुन्या भागात आहे. पण आम्हा मोठ्या माणसांची नजर त्या दोन मिनिटांवरच खिळते. "तुम्ही कुठपर्यंत आलात?" हा वर्गातला पहिला प्रश्न असतो. आसन 'मिळतं', जसं प्रमोशन मिळतं.

माझी गाडी मरीच्यासनाच्या चौथ्या प्रकारावर थांबली. अनेकांची तिथेच थांबते. एक पाय अर्धपद्मासनात, दुसरा गुडघा उभा. कंबर पिळून उलट बाजूचा हात त्या उभ्या गुडघ्याबाहेरून मागे न्यायचा आणि पाठीमागे दुसऱ्या हाताची पकड घ्यायची. मग पाच श्वास. वजासनात मी तासभर बसेन, कारण जन्मभर नमाजच्या कायद्यात बसलोय. पण ती बैठक वेगळी. पद्मासनाला मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला फिरावी लागते, आणि खुर्चीवर बसून पेपर तपासणाऱ्या माझ्या खुब्याला ते ठाऊकच नव्हतं. सात महिने मी त्याच आसनावर. माझ्यानंतर आलेली कॉलेजची मुलं पुढे निघून गेली. बायको म्हणायची, "पाव नै मुडता तो कायकू मोड रहें?" मी हसण्यावारी न्यायचो.

एका सकाळी गुरुजी म्हणाले, "आज होऊनच जाऊ दे सर." त्यांनी तळहाताने माझा डावा गुडघा खाली दाबला, दुसऱ्या हाताने माझं मनगट ओढलं, आणि पाठीमागे माझी बोटं एकमेकांना भेटली. गुडघ्यात आत ओला कपडा पिळल्यासारखं काहीतरी झालं. मी काही बोललो नाही. पाच श्वास मोजले. त्यांनी लगेच पुढचं आसन दिलं. मी फोटो काढून घेतला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. गुडघ्यातल्या गादीला बारीक चीर आहे असं तपासणीत निघालं. ऑपरेशन टळलं, पण कायद्यात ज्या डाव्या पायावर बसतो तो गुडघा पूर्ण दुमडायला चार महिने लागले.

गुरुजी वाईट माणूस नाहीत. रोज "कधी होईल, कधी होईल" म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. पण गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. त्याचं काम दुमडण्याचं, पिळण्याचं नाही. खुबा फिरला नाही आणि वरून जोर लावला की तो पीळ गुडघ्यात उतरतो. हे शिकवणाऱ्याला माहीत असायला हवं. आणि हात लावण्यापूर्वी विचारायला हवं. या पद्धतीत गुरूचा हात हा मोठा विषय आहे. खुद्द जोईस यांनी आसन सुधारण्याच्या नावाखाली आपल्याला गैर स्पर्श केला, असं त्यांच्या अनेक शिष्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांचे नातू आणि वारस शरथ जोईस यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. माझी गोष्ट त्या पंक्तीत बसवण्यासारखी नाही. पण दोन्हीकडे शिकणारा गप्प बसला, हे मात्र खरं. मीही बसलोच की.

खुर्चीवर बसल्या बसल्या मला माझ्या शाळेतली एक मुलगी आठवत राहिली. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठीतलं अवघड आसन म्हणजे 'ळ'. उर्दूत हा आवाजच नाही. शाळा होते 'शाला', केळं होतं 'केला'. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी या मुलीला उभं करून चाळीस वेळा 'बाळ' म्हणायला लावलं होतं. वर्ग हसत होता. एकेचाळिसाव्या वेळी आलं. मी शाबासकी दिली आणि पुढचा शब्द घेतला. त्यानंतर वर्षभर ती माझ्या तासाला स्वतःहून एक शब्द बोलली नाही. बीएडला मी 'सोप्याकडून अवघडाकडे' या तत्त्वावर पानंच्या पानं लिहिली होती, आणि मार्कही बरे मिळाले होते.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला थांबवण्याची मुभा पुन्हा दिली. स्टाफरूममध्ये आम्ही अजून यावरच वाद घालतो: थांबवा की ढकला. थांबवलेल्या वर्षात त्या मुलासोबत वेगळं काय करणार, हे कोणी विचारत नाही. तेच पुस्तक, तोच फळा, तेच सर. माझे ते सात महिने असेच गेले. मी थांबलो होतो, पण रोज तीच धडक त्याच भिंतीला. खुबा मोकळा करायला काय करावं हे ना मी विचारलं, ना कोणी सांगितलं.

म्हणून माझं मत असं झालंय: एका वेळी एक आसन हा नियम ठेवा, पण अडलेल्याला कुंपणाबाहेर उभं करू नका. अर्धपद्मासन येत नसेल तर तो पाय जमिनीवरच दुमडून ठेवा, पीळ तेवढा घ्या, आणि पुढच्या नावासनाला जाऊ द्या. नावासनाला पोट लागतं, पद्मासन लागत नाही. त्यासाठी त्याला वर्षभर का थांबवायचं? कट्टर मंडळींना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, एकदा सूट दिली की माणूस नावडतं ते सगळंच टाळेल. यात तथ्य आहे, हे मी कबूल करतो. मला स्वतःला नावासन बिलकुल आवडत नाही आणि संधी मिळाली तर ते मी पहिलं गाळेन. तरीही शिकवणाऱ्याला टाळाटाळ आणि अडचण यांतला फरक ओळखता आला पाहिजे. आमचे उस्ताद ओळखायचे. घसा बसलेल्या मुलाला ते नुसतं ऐकायला बसवायचे, तोही सबकच धरायचे.

आता मी पुन्हा वर्गाला जातो. गुरुजींना सांगितलं, हात लावू नका. त्यांना थोडं लागलं, पण त्यांनी ऐकलं. सुरुवातीला नुसती उभ्याची आसनं केली, रमजानमध्ये तर तेवढीच. बसायच्या आधी दहा मिनिटं खुब्यासाठी देतो, तेही फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं, कुठल्याच मालिकेत नसलेलं. डावा पाय जमिनीवरच असतो. उजवा पाय अर्धपद्मासनात जातो, त्या बाजूला पाठीमागे बोटांमध्ये अजून वीतभर अंतर आहे. जुम्म्याला पहिल्या सफमध्ये उभा होतो. चाचा मागे खुर्चीवर होते, बाहेर पडताना म्हणाले, "सीढी संभाल के उतरो, सर."