आधी पडायला शिका

दोन वर्षांपूर्वी मुलीला ज्युदोच्या वर्गात घातलं. बाहेर तासभर बसून राहण्यापेक्षा मीही नाव दिलं. वय ४३, डोक्याला घट्ट स्कार्फ, आणि सोबतीला दहा-बारा वर्षांची मुलं! नणंद म्हणाली, "भाभी, या वयात हाडं मोडून घ्यायचीत का?"

वाटलं होतं, पहिल्याच दिवशी एखादा डाव शिकवतील. सरांनी महिनाभर फक्त पडायला शिकवलं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात ज्युदो सुरू केला, त्यातला हा पहिला धडा, 'उकेमी'. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर कमरेच्या पट्ट्यावर, म्हणजे डोकं आपटत नाही. हात मागे टेकायचा नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, सपाट मॅटवर आपटायचे.

माझी हात टेकायची सवय सुटेना. मनगट सुजलं, आठवडाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. सोडून द्यावं वाटलं. पण अम्मी आठवली. ओल्या मोरीत पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा धड चालली नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात पाय घसरला. हनुवटी आपोआप छातीला लागली. अल्लाहचा शुक्र, पाठ दुखली, एवढंच. मुलं धावत आली, "टीचर, लागलं?"

बहिणींनो, कुणाला पाडायचं नसलं, तरी जाणत्या शिक्षकाकडून पडायला जरूर शिका. नणंदही आता विचारतेय, वर्ग किती वाजता असतो?