मुहूर्त आधी, मांडव नंतर

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या ग्वाल्हेरात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "गार्डन मिळाले का?" मुलगा काय करतो, मुलगी कुणाची, मुहूर्त कधीचा, या चौकशा मागाहून. मॅरेज गार्डनची रिकामी तारीख आधी पक्की करायची आणि मग गुरुजींपुढे ती ठेवायची, असा उलटा क्रम आता सर्वमान्य झाला आहे. गुरुजीही बिचारे एखादा काढीव मुहूर्त देऊन मोकळे होतात.

मुहूर्ताच्या शास्त्राविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बालरोगतज्ज्ञ. परंतु लग्नाच्या जागेविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला निश्चित पोहोचतो, कारण लग्नसराईचा उत्तररंग माझ्या दवाखान्यात सादर होत असतो. कुणी खोकत येते, कुणी उलट्यांनी मलूल होऊन येते. "काल लग्नाला गेलो होतो," हे वाक्य मी पालकांच्या आधी स्वतःच म्हणून टाकतो. यातील पुष्कळसा त्रास लग्नामुळे होत नाही; तो त्या दिवसाला न शोभणाऱ्या जागेमुळे होतो, असे माझे मत आहे.

दिवस म्हणजे केवळ तारीख नव्हे. त्यात ऋतू आला, प्रहर आला आणि त्या प्रहरी येणारी माणसे आली. आपले शहर या बाबतीत मोठे हट्टी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि जानेवारीत कित्येकदा ५ अंशांच्या खाली उतरतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे तळ दिला आणि त्या छावणीचे लष्कर झाले. तेव्हापासून आपल्या पूर्वजांनी या हवेशी जमवून घेतले. जुन्या वाड्यांचे चौक आठवा. चहूबाजूंनी भिंती, वर मांडव, सकाळची किंवा फार तर गोरज मुहूर्ताची वेळ. थंडीत ऊन अंगावर घेत लग्न लागे आणि दिवेलागणीला पाहुणे घरात असत. त्यात काही थोर वैद्यकीय विचार होता, असा दावा मी करणार नाही. पण तो सोयीचा होता खरा.

आता आपण उत्तरेकडची रात्र उचलली आहे. फेब्रुवारीच्या आरंभी, उघड्या हिरवळीवर, रात्री नऊनंतर स्वागत समारंभ. वडीलधारी मंडळी शालीत गुरफटून एका कोपऱ्यात बसलेली आणि चार महिन्यांचे बाळ जरीच्या झबल्यात, पाय उघडे. तान्ह्या मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे त्याची ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते. तक्रार करायची तर त्याला शब्द नसतात. ते रडते, आणि पुढे रडायचेही थांबते. त्याला आपण "शांत झोपले" म्हणतो.

त्यावर उपाय म्हणून शेगडी येते. निखाऱ्यांची शेगडी उघड्यावर असेल तोवर ठीक. परंतु बाळांना आणि वृद्धांना 'आत बसवा' म्हणून जी कपडे बदलण्याची छोटी खोली असते, तिची दारे-खिडक्या लावून तीच शेगडी आत ठेवतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि सगळे त्याला दगदगीचा शीण समजतात. डॉक्टर वाचकांना हे सांगणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे आहे, हे मी जाणतो. परंतु आपल्याच घरच्या कार्यांत अशी बंद खोली मी पाहिली आहे, म्हणून लिहितो.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. तेथे प्रश्न अन्नाचा. आपल्या पंगतीला जुनाट म्हणून आपण निरोप दिला; पण पंगतीचा एक गुण कुणी ध्यानात घेतला नाही. तिच्यात अन्न चुलीवरून पातेल्यात आणि पातेल्यातून पानावर येई, मध्ये वेळ जात नसे. आजच्या बुफेत सात वाजता मांडलेली बासुंदी अकरा वाजता येणाऱ्यासही मिळते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीला मानवणारा टप्पा. शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेमधील आपल्या रात्री तर त्याहून कमी अवधी धरावा. स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष एकदा अन्नात तयार झाले की ते पुन्हा उकळूनही जात नाही. मोठ्या माणसाला चार उलट्या होऊन भागते. वर्षाच्या मुलाचे तेवढ्यावर भागत नाही. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा झुंबरे मागाहून पाहा. स्वयंपाकघर जेवणाच्या जागेपासून किती पावले आहे, पाणी कोठून येते आणि बर्फ कशासाठी बनवलेला आहे, हे आधी विचारा.

द्रवरूप नायट्रोजनचा धूर सोडणारी पाने-मिठाया हा नवा हव्यास. २०२४ मध्ये बेंगळुरूत एका लग्नाच्या स्वागत समारंभात असे पान खाल्ल्याने बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला छिद्र पडून शस्त्रक्रिया करावी लागली. याहून अधिक भाष्य नको.

गोंगाटाबद्दल कायदा स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडली तर. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यातील प्रौढ कामगाराने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटांहून अधिक थांबू नये, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे. आपण मात्र त्याहून मोठ्या आवाजाच्या भिंतीसमोर करवलीचे बाळ कडेवर घेऊन नाचतो. रात्रीचे लग्न घेतले की नियम मोडणे जवळजवळ ओघानेच येते. सकाळचे घेतले की सनई पुरते.

आणि वाट. डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातील डबवाली येथे एका मंगल कार्यालयात शाळेचा समारंभ चालू असताना मांडवाला आग लागून चारशेहून अधिक जण गेले. त्यात बहुसंख्य मुले होती. जानेवारी २००४ मध्ये तमिळनाडूतील श्रीरंगम येथे लग्नघरातील आगीत पन्नासहून अधिक माणसे दगावली, नवरदेवही त्यांत होता. दोन्ही ठिकाणी वर चटकन पेट घेणारे आच्छादन होते आणि खाली बाहेर पडण्यास धडपडणारी गर्दी. आज आपल्या प्रवेशद्वारांवर कापडी कमानी आणि कृत्रिम फुलांचे बोगदे असतात. दुसरे दार असते, पण त्याच्यापुढे आइस्क्रीमची गाडी उभी केलेली आढळते.

माझे एक स्नेही म्हणतात, "डॉक्टर, लग्न एकदाच होते. शहरात जागा आहेत कुठे? गाड्या कुठे लावायच्या?" आक्षेप रास्त आहे. लष्करातील बोळांत तीनशे गाड्या मावणार नाहीत. परंतु सहाशे माणसे ठरवून मग जागा शोधली की हा प्रश्न उद्भवतो. दोनशे माणसे असतील तर समाजाचे सभागृह पुरते, होमाला मोकळे अंगण मिळते (पुष्कळ वातानुकूलित हॉटेलांत अग्नी पेटवू देत नाहीत, आणि मग सप्तपदी निरांजनाभोवती उरकावी लागते) आणि पुण्या-नागपूरची मंडळी धुक्याने रखडलेल्या गाडीतून उतरली तरी स्टेशनावरून अर्ध्या तासात पोहोचतात. हमरस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. शिवाय तेथे बिनकठड्याचा तरणतलाव असतो, आणि सगळ्यांचे लक्ष वधूवरांकडे असताना दोन वर्षांच्या मुलाचे लक्ष पाण्याकडे असते.

अप्रिय वाटेल, पण सांगतो : हा भपका समाजात रुजवण्यात आपण डॉक्टर मंडळी पुढे आहोत. आपल्या मुलांच्या लग्नाची जागा पाहून शेजारचा कारकून आपल्या मुलीच्या लग्नाची जागा ठरवतो आणि भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो. आपण सकाळचा मुहूर्त, बेतशीर यादी आणि पंगत स्वीकारली, तर त्याला तसे करण्यात कमीपणा वाटणार नाही.

येत्या वार्षिक सभेत मी एक प्रस्ताव मांडणार आहे. मंडळाच्या तीन-चार सभासदांनी शहरातील कार्यालये आणि गार्डने स्वतः पाहून यावीत : दारे किती, विजेची तारजोडणी कशी, पाणी कोणते, बाळाला पाजण्यास खोली आहे का, रुग्णवाहिका आत वळू शकते का. ती माहिती एका पानावर छापून आपापल्या दवाखान्यात ठेवावी. खर्च फारसा नाही. छपाईचा मी देईन. सभा रविवारी सकाळी दहाला आहे, आणि त्या दिवशी लग्नाची तिथी नाही, हे मी पंचांगात पाहून ठेवले आहे.