नवसाचे इमान आणि नवसाचा सौदा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड येथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तेथे मुसलमानांच्या बरोबरीने हिंदूही नवस बोलतात व फेडतात. पीर कोणाचा, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, ही या भूमीची शोभा होय. आणि तीस बाध येईल असा एक शब्दही आम्हांस लिहावयाचा नाही. परंतु नवस कसा बोलावा, कसा फेडावा आणि उपासनेचे फळ ते कोणते, याविषयी खुद्द इस्लामाचे म्हणणे काय आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ते ठाऊक झाल्यास कित्येक घरांचे कर्ज टळेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

अरबीत नवसाला नज्र म्हणतात. बोललेला नवस प्रामाणिकपणे फेडणाऱ्यांची कुराणाच्या ७६ व्या अध्यायात प्रशंसा केली आहे. तथापि बुखारी व मुस्लिम या दोन्ही मान्य हदीससंग्रहांत पैगंबरांनी नवस बोलण्यास उत्तेजन न देता उलट निषेधच केला असल्याचे नमूद आहे. नवसाने विधिलिखित टळत नाही, कृपणाच्या मुठीतून मात्र काही बाहेर पडते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस यातील मर्म तत्काळ कळेल. ‘आधी माझे काम कर, मग तुझे देणे देतो’ ही भाषा सौद्याची आहे, भक्तीची नव्हे.

पण एकदा बोललेल्या नवसाचे काय? सत्कृत्याचा असेल तर फेडावा, पापाचा असेल तर मुळीच फेडू नये, असा स्पष्ट दंडक आहे. अबू इस्राईल नावाच्या एका गृहस्थाने उन्हात उभे राहण्याचा, सावलीस न जाण्याचा, मौनाचा आणि उपवासाचा नवस केला होता. पैगंबरांनी त्यास बसावयास, सावलीत जावयास व बोलावयास सांगितले. उपवास तेवढा पुरा करविला. देहदंडात पुण्य नाही, हा त्याचा अर्थ. ज्याच्याने नवस फेडणे होतच नाही, त्यास शपथभंगाचे प्रायश्चित्त सांगितले आहे: दहा गरिबांस जेवण अथवा वस्त्र, तेही न जमल्यास तीन दिवसांचे उपवास. मग न फेडलेल्या नवसापायी पीर कोपेल, या भयाने सावकाराचे दार का ठोठवावे?

आणि तेच तर घडते. कंदुरीचा बोकड, गलेफ, पाहुण्यांची पंगत यांसाठी उसनवारी होते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धाही होता. ज्या घरात कपाशीच्या बियाण्यास पैसा नाही, तेथे पंगतीसाठी कर्ज काढणे यास धर्म म्हणवत नाही. आणखी पाहा: हनफी शास्त्राप्रमाणे नवसाच्या पशूचे मांस गरिबांचे, नवस करणाराने वा सधन आप्तांनी ते खावयाचे नाही. आमच्याकडील पंगतीत पहिल्या पानावर कोण बसतात, हे वाचकांनीच आठवावे.

दर्ग्यास जाणारे सुज्ञ मुसलमान म्हणतात की, नवस अल्लाचाच, त्याचे पुण्य तेवढे वलीच्या नावे. ठीक आहे. मग ते पुण्य भुकेल्याच्या मुखी पडू द्या. फळाची आशाच नसावी, असे आम्ही म्हणत नाही. ईश्वरार्थ दिलेल्या दानाला कुराणाने एका दाण्याची उपमा दिली आहे: त्यास सात कणसे येतात आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे. ज्वारी पिकविणाऱ्यास ही उपमा समजावून सांगावयास नको. पण दाणा आधी मातीत जातो, कणीस मागाहून येते. नवसाच्या सौद्यात मात्र कणीस आधी मागितले जाते. आठव्या शतकातील बसऱ्याची साध्वी राबिया तर स्वर्गाचा लोभ आणि नरकाचे भय दोन्ही टाकून केलेल्या उपासनेसच खरी मानी.

गिरडच्या टेकडीवर नारळासारखे दगडी गोळे सापडतात. ते खनिजाचे आहेत, असे भूगर्भशास्त्र सांगते. लोककथा निराळी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी साधूची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. क्षमा मागताच तो साधूने पुन्हा दिला. कथा खरी की खोटी, हे राहो. त्या व्यापाऱ्यांनी पुढे काय केले, असे कथा सांगते, ते पाहावे. त्यांनी साधूस किंमत चुकती करून वाट धरली नाही. ते सेवेस राहिले.

आमच्या व्यापारी बंधूंस इतकेच सांगणे आहे की, बोललेला शब्द अवश्य पाळा; पण कर्ज काढू नका, आणि दुसऱ्यास त्यासाठी कर्ज देऊही नका. नवसाची रक्कम एखाद्या पोरक्या मुलाच्या शिक्षणास किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात खाटेशी बसून राहिलेल्या गरीब नातलगाच्या दोन वेळच्या जेवणास द्या. गलेफ एका वर्षात विरतो. शिकलेला मुलगा घर उभे करतो.